पाथर्डी फाट्याला २ बीएचके घेतलाय, इंटिरिअर डिझायनरचं नक्की काम काय आणि जबाबदारी कुठपर्यंत?

द्राक्षवेल:
नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅटचं पझेशन मिळालंय, कार्पेट ६९० स्क्वेअर फूट. मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टमधे, मी शाळेत, त्यामुळे दिवसभर साईटवर उभं राहणं दोघांनाही जमणार नाही. घरात सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्याचा त्रास, आणि मुलगी तिसरीत. बजेट सगळं धरून ९ लाख, त्याच्यावर जाणं शक्य नाही कारण बँकेचा हप्ता चालू झालाय.

तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या डिझायनर मॅडम म्हणतात काम साधारण ८ लाखात बसेल, त्यावर माझी फी १० टक्के म्हणजे ८०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी १४,४००. माल तुम्ही घ्या, मिस्त्री मी देते, बिलं तुमच्या नावावर. दुसरीकडे टर्नकी, डिझाईन फ्री, कार्पेटवर १,३०० रुपये फूट, म्हणजे ८,९७,००० मधे सगळं करून चावी हातात. थ्रीडी फोटो इतके सुंदर दाखवले की मुलगी म्हणते हेच घ्या. तिसरा आमच्या सासरच्या ओळखीचा मिस्त्री, तो म्हणतो वहिनी कशाला डिझायनरला पैसे देता, मी ५० घरं केलीत, फोटो दाखवा तसं करून देतो.

माझा प्रश्न हा आहे की ९४,००० रुपये देऊन ती बाई नक्की करणार काय? फक्त ड्रॉइंग काढणार का साईटवर पण बघणार? आणि वर्षभराने कपाट फुगलं, ड्रॉवर अडकला, भिंतीला ओल आली तर फोन कोणाला करायचा? ज्यांनी करून घेतलंय किंवा जे ह्याच कामात आहेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

आडगाव_नाका:
२ बीएचकेला डिझायनर कशाला. माप घ्या, मिस्त्री बसवा, संध्याकाळी जाऊन बघत जा. त्या ९४ हजारात चांगला फ्रिज आणि वॉशिंग मशीन येतं.

रेषा_आणि_रंग:
द्राक्षवेल ताई, मी नाशिकमधेच ह्या व्यवसायात आहे म्हणून जरा मोठं लिहिते.

थ्रीडी फोटो म्हणजे डिझाईन नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. फोटोवरून सुतार काम करू शकत नाही. त्याला लागतं वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे प्रत्येक भिंतीचं समोरून काढलेलं चित्र आणि त्यावर प्रत्येक कप्प्याचं माप, कुठे किती जाडीचा प्लाय, शटर कुठल्या बाजूला उघडणार, बिजागरी कुठली. इलेक्ट्रिशियनला वेगळं ड्रॉइंग, प्लंबरला वेगळं, सिलिंगवाल्याला वेगळं, आणि ही चारही एकमेकांशी जुळलेली पाहिजेत. ते जुळवणं हेच आमचं खरं काम. नाहीतर होतं काय की बेड येतो आणि त्याच्या डोक्याच्या पाठीमागे स्विचबोर्ड झाकला जातो, सिलिंगमधला पंख्याचा हूक आणि लाईट एकावर एक येतात, कपाटाचं दार उघडलं की खोलीच्या दारावर आपटतं.

तुमच्या किचनचंच सांगते. ओट्याची उंची बहुतेक जण डोळे झाकून ३४ इंच ठेवतात. पण स्वयंपाक जास्त वेळ कोण करणार, तुम्ही का सासूबाई? उभं राहून कोपर दुमडायचं आणि तिथून साधारण ४ इंच खाली ओटा असला की खांदे आणि कंबर भरून येत नाही. म्हणून मी ड्रॉइंग काढायच्या आधी घरातल्या बाईला टेप घेऊन उभं करते. मग फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं, ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे पॉइंट वेगळे आहेत का, आरओला पाणी आणि वीज दोन्ही एका जागी मिळतंय का, चिमणीचा पाईप बाहेर कुठून काढायचा. ह्या शेवटच्या मुद्द्यावर खूप घोळ होतात. पाईप ६ इंची असतो आणि वर बीम आलेला असतो, मग कोणीतरी मशीन आणून बीमलाच भोक पाडतं. बीमला हात लावायचा नाही म्हणजे नाही, डिझायनरने तिथे पाईपचा रस्ता बदलायचा असतो.

सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणालात, तर त्यांच्या बाथरूममधे पकडायला दांडा, न घसरणारी टाईल, कमोडची उंची आणि रात्री उठल्यावर अंधारात चाचपडायला लागू नये म्हणून बेडजवळून लागणारा पॅसेजचा लाईट, ह्या गोष्टी विचारणारी डिझायनर असेल तर ती फी वसूल करून देईल. पहिल्या मीटिंगमधे तिने किती प्रश्न विचारले ते आठवा. तिने फक्त रंग कुठला आवडतो एवढंच विचारलं असेल तर मीसुद्धा तुम्हाला तिच्याकडे जा म्हणणार नाही.

आता जबाबदारी. कामाचे तीन प्रकार असतात आणि जबाबदारी त्याप्रमाणे बदलते. नुसतं डिझाईन दिलं तर ड्रॉइंग चुकलं तेवढीच तिची जबाबदारी. डिझाईन अधिक देखरेख असेल तर ड्रॉइंगप्रमाणे काम होतंय का, ठरलेलाच माल येतोय का, मिस्त्रीचं बिल मोजमापाप्रमाणे आहे का हेही तिनेच तपासायचं, पण मिस्त्रीच्या हातचं काम बिघडलं तर ते दुरुस्त करायची जबाबदारी मिस्त्रीची, ती करून घ्यायला पाठपुरावा डिझायनरचा. टर्नकीमधे मात्र सगळ्याची जबाबदारी एकाच माणसाची, स्क्रूपासून रंगापर्यंत. टर्नकी वाईट नाही. फक्त त्यात तपासणारा आणि पैसे घेणारा एकच असतो, हे लक्षात ठेवून कोटेशन वाचा. आणि तुमच्या मॅडम "देखरेख" करणार म्हणत असतील तर आठवड्यातून किती वेळा साईटवर येणार ते लिहून घ्या.

जीएसटी लावतायत तर जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा, नोंदणी नसेल तर तो लावताच येत नाही.

इंदिरानगर_जॉगिंग_ट्रॅक:
आमचा अनुभव सांगतो, नाव कोणाचं घेत नाही. आम्ही टर्नकी दिलं होतं, डिझाईन फ्री वालं. काम दिवाळीआधी संपलं, घर झकास दिसत होतं, पाहुणे येऊन फोटो काढून जायचे. पुढचा पावसाळा आला आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला, लॅमिनेट कडेने सुटून वर आलं, हाताने दाबलं की आतून भुसा निघायचा. फोन केला तर म्हणे मटेरियल कॉन्ट्रॅक्टरने आणलं होतं त्याला विचारा, कॉन्ट्रॅक्टर म्हणे मला जो सांगितला तो प्लाय लावला, आणि मिस्त्री तर तोपर्यंत राजस्थानला गावी निघून गेलेला.

कोटेशन काढून बघितलं तर त्यात एवढंच लिहिलेलं, "किचन ट्रॉली व कपाटे, प्लाय व लॅमिनेट, १,४५० रु. स्क्वे. फूट". कुठला प्लाय, किती एमएम, काहीच नाही. आमचं नशीब की व्हॉट्सअ‍ॅपवर मिसेसने विचारलेलं "सिंकखाली वॉटरप्रूफ प्लाय ना?" आणि त्यांचा रिप्लाय होता "हो मॅडम, मरीन". तेवढ्या एका मेसेजवर तीन महिने मागे लागून तो भाग बदलून घेतला. बाकी आडगाव नाका दादा, संध्याकाळी जाऊन बघा म्हणता पण संध्याकाळी तुम्हाला लॅमिनेट लावलेलंच दिसतं, आतला प्लाय दिसत नाही.

रंधा_पटाशी:
मी स्वतः सुतारकाम करतो, सातपूरला छोटं वर्कशॉप आहे, वडिलांपासून हेच काम. मिस्त्री लोकांबद्दल इथे बरंच बोललं जातंय म्हणून आमची बाजू पण सांगतो.

चांगला डिझायनर असला की आमचं काम निम्मं सोपं होतं. ड्रॉइंग हातात असलं की प्लायच्या ८ बाय ४ च्या शीटमधे कटिंग कसं बसवायचं ते आधीच ठरवता येतं, वेस्टेज कमी निघतं, ते पैसे मालकाचेच वाचतात. उलट काही जण मोबाईलवर कुठल्या तरी परदेशातल्या घराचा फोटो पाठवतात आणि म्हणतात असंच पाहिजे, त्या खोलीची उंची १२ फूट, इथे सिलिंग केल्यावर राहते ९ फुटाच्या आत, मग साईटवर आम्हीच अंदाजाने काहीतरी जमवतो आणि बिघडलं की मिस्त्री वाईट.

ताई, तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीने ५० घरं केली असतील, हात चांगला असेल, त्याबद्दल शंका नाही. पण त्याला विचारा लाईटचे पॉइंट कोण ठरवणार, सिलिंगवाला आणि रंगवाला कोण आणणार, ते एकमेकांच्या पायात आले तर कोण बघणार. तो म्हणेल मी बघतो, पण तो तर रंध्यावर उभा असणार. हे कोणीतरी वेगळ्या माणसाने बघायचं काम आहे. ते डिझायनर करेल, नाहीतर तुम्हाला रजा टाकावी लागेल.

आता कोटेशनचं. कपाट आम्ही समोरच्या मापावर मोजतो, म्हणजे ७ फूट उंच ६ फूट रुंद असेल तर ४२ स्क्वेअर फूट. रेट कमी दाखवायचा असेल तर पैसे आतून काढले जातात. मागची फळी ६ एमएमची, आतून लॅमिनेटच्या ऐवजी नुसता रंग, ड्रॉवर सरकायचे चॅनल हलके, वरचा माळा वेगळा मोजायचा. त्यामुळे रेट विचारू नका, हे विचारा: साईडची फळी किती एमएम, मागची किती, आतून काय, बाहेरचं लॅमिनेट १ एमएम आहे का, बिजागऱ्या कुठल्या कंपनीच्या आणि सॉफ्ट क्लोज आहेत का, हँडल आणि कुलूप रेटमधे धरलंय का. प्लायच्या प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का असतो, ७१० लिहिलेलं असेल तर तो उकळत्या पाण्याची ७२ तासांची टेस्ट झेलणारा, किचन आणि बाथरूमजवळ तोच घ्या. बेडरूमला ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याच्याखालच्या दर्जाचा पाणी झेलणारा प्लाय पुरतो. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्सचा नंबर असतो, तो शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. शीट कापायच्या आधी शिक्क्याचा फोटो काढून ठेवा, कापल्यावर काही दिसत नाही.

आणि एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. काही दुकानदार माल नेणाऱ्याला कमिशन देतात, त्यात डिझायनर पण आले आणि आमचे लोक पण आले. त्याचे पैसे शेवटी घरमालकाच्या बिलातून जातात. जी डिझायनर बिल तुमच्या नावावर करते आणि दुकान तुम्हाला निवडू देते ती त्यातल्या त्यात सरळ चालतेय असं समजा.

द्राक्षवेल:
बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार, रंधा पटाशी दादा तुमचं तर मी मिस्टरांना वाचून दाखवलं. आता अजून एक. टर्नकीवाल्यांच्या थ्रीडीमधे किचन आणि ड्राय बाल्कनीमधली भिंत काढून किचन मोठं दाखवलंय, आणि सिंक सरकवून त्या बाजूला नेलंय. दिसायला फार छान दिसतं. हे करावं का? बिल्डिंग नवीन आहे, ११ मजली.

लोखंड_सिमेंट_खडी:
स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. हे वाचून लगेच लिहितोय, अजून काही तोडलं नसेल तर थांबा.

११ मजली नवीन बिल्डिंग म्हणजे मायवान शटरिंगची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओतलेली असू शकते. त्यात आतल्या बऱ्याचशा भिंती विटांच्या नसतात, सळया घातलेलं काँक्रीट असतं आणि त्या बिल्डिंगचं वजन पेलतात. ती भिंत काढणं म्हणजे कॉलम काढल्यासारखंच आहे. खिळा ठोकताना वाकत असेल, ड्रिल आत जायला त्रास देत असेल तर शंका घ्याच, पण खिळ्यावर निर्णय घेऊ नका, बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. ह्या भिंतीत वायरिंगसाठी खोल झिरी मारणं पण चालत नाही, सळया कापल्या जातात. नवीन पॉइंट पाहिजे असेल तर पॅनेलिंगच्या मागून किंवा सिलिंगमधून वायर फिरवायची.

भिंत विटांची निघाली तरी सोसायटी किंवा बिल्डरची लेखी परवानगी आणि इंजिनियरची सही ह्याशिवाय नको. फ्लॅट घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. तुम्ही तोडफोड केली की बिल्डरला बोट दाखवायला जागा मिळते.

सिंक सरकवायचं तर ड्रेनेजला उतार मिळतो का बघावं लागेल. उतारासाठी लादी फोडली की गळती खालच्या फ्लॅटमधे उतरते आणि मग भांडण तुमच्या दारात. ज्या डिझायनरने हे न विचारता थ्रीडीमधे भिंत गायब केली त्याला एकच प्रश्न विचारा, इंजिनियरचं सर्टिफिकेट कोण आणणार.

आडगाव_नाका:
भिंतीचं माहीत नव्हतं. आमच्याकडे जुनं विटांचं बांधकाम आहे त्यामुळे त्या अंदाजाने लिहिलं होतं.

कोर्टरोड_चहा:
वकील आहे, कायद्याचं तेवढं सांगतो. आर्किटेक्ट हे नाव लावायला १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनर नावासाठी आपल्याकडे असा कायदा नाही, बोर्ड कोणीही लावू शकतो. आयआयआयडी नावाची डिझायनर लोकांची संस्था आहे, १९७२ पासूनची, तिचं सदस्यत्व असलं तर चांगलंच, पण ते सरकारी लायसन्स नव्हे. त्यामुळे तुमचं खरं संरक्षण तुमचं करारपत्र.

दोन पानी असलं तरी चालेल पण त्यात हे हवं: कामाची यादी मापासकट, मालाचं वर्णन, फी, कधी सुरू कधी संपणार, उशीर झाला तर काय, पैशाचे टप्पे, आणि काम संपल्यावर किती महिने दुरुस्ती फुकट. पैसे टप्प्याने द्या, म्हणजे माल आला की इतके, कपाटांचे सांगाडे उभे राहिले की इतके, आणि शेवटचे ५ ते १० टक्के बारीकसारीक राहिलेल्या कामांची यादी संपल्यावर. निम्मे आधी मागत असतील तर कशासाठी ते विचारा. मधे काही बदल झाला तर तोही व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लेखी, इंदिरानगरवाल्यांचं काम त्यामुळेच झालं.

एवढं करूनही फसवलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. फी घेऊन केलेलं डिझाईन ही सेवा आहे आणि तिच्यातली त्रुटी दाखवता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार २ वर्षांच्या आत. कंपनीचं ऑफिस पुण्यामुंबईला असलं तरी तुम्ही राहता तिथे म्हणजे नाशिकला तक्रार करता येते. सुरुवातीला १९१५ ह्या हेल्पलाईनवर पण नोंदवता येतं. पण माझ्याकडे येणाऱ्यांकडे बहुतेक वेळा कच्च्या पावत्या असतात, त्यावर उभं राहणं फार अवघड जातं.

गोदाकाठची_पल्लवी_फुलं:
थोडं वेगळं सांगते, पावसाचं. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून मारतो, आमच्या मखमलाबादच्या घरी पश्चिमेच्या भिंतीला चिकटून वॉर्डरोब केला होता, श्रावणात आतल्या साड्यांना कुबट वास यायला लागला आणि मागच्या फळीवर बुरशी. नंतर ज्या डिझायनरने बघितलं तिने कपाटाला हातच लावला नाही, आधी बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, भिंत उन्हाळाभर सुकू दिली, मग कपाट भिंतीपासून जरा सोडून बसवलं. तुमचं काम आता सुरू होणार असेल तर कुठली भिंत पावसाच्या तोंडावर आहे ते आधी बघा.

रेषा_आणि_रंग:
पल्लवी फुलं, अगदी बरोबर. त्यात भर, जुलै ऑगस्टमधे लाकडाला पॉलिश करू नका, हवेत दमटपणा असला की पॉलिश दुधासारखं पांढरट पडतं. वेळापत्रक काढताना हे धरणं डिझायनरचं काम आहे. मी पावसाळ्यात इलेक्ट्रिक, प्लंबिंग आणि सांगाडे उरकून घेते आणि पॉलिश, रंग नवरात्राच्या आसपास घेते. क्लायंट गणपतीत वास्तुशांत पाहिजे म्हणून मागे लागतात, तिथे ठाम राहावं लागतं.

द्राक्षवेल:
अपडेट देते. बिल्डरच्या ऑफिसमधे जाऊन ड्रॉइंग बघितलं, भिंत काँक्रीटचीच आहे, त्यामुळे टर्नकीवाल्यांना "नाही" असं कळवलं. त्यांचं उत्तर आलं की सगळे काढतात मॅडम काही होत नाही, ते वाचून मिस्टरांचाही विचार पक्का झाला.

पहिल्या मॅडमना मेल टाकला, की वर्किंग ड्रॉइंग, मालाच्या वर्णनासकट यादी आणि साईटवर किती वेळा येणार हे लिहून द्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाठवलं, आठवड्यातून दोनदा येणार आणि पॉइंट टाकताना व सिलिंग बंद करायच्या आधी नक्की असणार असं लिहिलंय. सिंक आहे तिथेच ठेवून ओटा एल आकारात वळवलाय आणि ड्राय बाल्कनीत भांडी घासायची जागा दिलीय. सासूबाईंना घेऊन या, कोपराचं माप घ्यायचंय असंही म्हणाल्या, तेव्हा सासूबाईच खूश झाल्या. ओळखीच्या मिस्त्रींना त्यांच्या हाताखाली सुतारकाम द्यायचं का ह्यावर बोलणं चालू आहे, ते पण तयार आहेत. ९ लाखात बसवायला हॉलचं सिलिंग आणि टीव्ही युनिटचं पॅनेलिंग सध्या वगळलंय.

रविवारी गोविंदनगरला त्यांचं एक जुनं काम बघायला जायचंय, तीन पावसाळे झालेलं घर आहे. तिथे काय काय बघू?

रंधा_पटाशी:
त्या घरच्यांना विचारून सिंकखालचं कपाट उघडा आणि तळाला हात लावून बघा. ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढा, खाली लोंबतात का. वॉर्डरोबच्या शटरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, कडेची पट्टी कुठे सुटलीय का. मिस्त्रींना पण बरोबर न्या, त्यांना बघितल्यावर लगेच कळेल.

इंदिरानगर_जॉगिंग_ट्रॅक:
आणि डिझायनर मॅडम दुसऱ्या खोलीत वगैरे गेल्या की घरमालकिणीला विचारा, काम संपल्यावर फोन केला तर उचलतात का आणि किती दिवसात माणूस पाठवतात.

द्राक्षवेल:
विचारते नक्की. बघून आले की इथेच लिहीन.